वेगाचे पहिले चलान : भरावे की भांडावे?



पनवेलचे भाग्य रस्त्यांनी घडविलेले आहे. १८३० साली भोर घाटातून गाड्यांचा रस्ता खुला झाला, त्या काळी मुंबईहून पुण्यास निघालेला प्रवासी होडीने खाडी ओलांडून पनवेल बंदरावर उतरे आणि तेथून गाडी जोडून घाटाची वाट धरी. आज त्याच पनवेलच्या अंगणात कळंबोलीपाशी मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाला आरंभ होतो. गोव्याकडे जाणारा ६६ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग येथूनच दक्षिणेस वळतो. आणि १२ जानेवारी २०२४ रोजी अटल सेतू खुला झाल्यापासून शिवडीहून समुद्र ओलांडून येणारी वाहनेही याच परिसरात येऊन मिळतात. रस्ते आले, रस्त्यांबरोबर वेग आला, आणि वेगाच्या मागोमाग आता चलान आले आहे.

पूर्वी चलान घेऊन येणारा शिपाई तरी डोळ्यांना दिसत असे. त्याच्याशी चार शब्द बोलता येत, त्याला आपली अडचण सांगता येई. आता मनुष्य पुण्याहून घरी येतो, हातपाय धुतो, जेवावयास बसतो, आणि काही दिवसांनी मोबाईलवर दोन ओळींचा निरोप येतो की अमुक क्रमांकाच्या वाहनाने अमुक ठिकाणी वेगमर्यादा ओलांडली, सबब दंड भरावा. ज्याने आयुष्यात पोलीस ठाण्याची पायरी चढलेली नाही अशा सुशिक्षित गृहस्थाला हा निरोप एकाच वेळी क्षुल्लकही वाटतो आणि अपमानकारकही वाटतो. घरात लगेच दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, “दोन हजारांसाठी कोठे डोकेफोड करावयाची? भरून टाका.” दुसरा म्हणतो, “मुळीच भरू नका. ही सारी लूट आहे.” पहिल्या पक्षाजवळ सोय आहे, दुसऱ्याजवळ संताप आहे, विचार मात्र दोघांनीही केलेला नसतो. तो कसा करावा एवढ्यापुरतेच आजचे माझे बोलणे आहे.

हा प्रश्न मोटारीइतकाच जुना आहे. इंग्लंडात केंट परगण्यातील पॅडक वुड या गावी २८ जानेवारी १८९६ रोजी वॉल्टर अर्नोल्ड नावाचा गृहस्थ ताशी आठ मैल वेगाने आपली मोटार हाकीत गेला. त्या वेळी गावातील मर्यादा होती ताशी दोन मैल! पोलिसाने सायकलवरून पाठलाग करून त्याला गाठले आणि न्यायालयाने वेगाबद्दल एक शिलिंग दंड केला. वेगाबद्दल दंड झालेला जगातील पहिला मोटारचालक म्हणून त्याचे नाव सांगतात. त्याच वर्षाच्या अखेरीस इंग्लंडातील कायदा बदलून मर्यादा ताशी चौदा मैलांवर नेण्यात आली. कायदा कालबाह्य असू शकतो आणि तो बदलूही शकतो. परंतु तो बदलेपर्यंत अर्नोल्डच्या पुढे जो प्रश्न होता तोच आपल्यापुढे आहे : माझ्याकडून आगळीक झाली काय, आणि झाली हे दुसऱ्याला दाखविता येते काय?

प्रथम आपला कायदा काय म्हणतो ते पाहू. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ११२ वे कलम वेगमर्यादेचे आणि १८३ वे कलम ती ओलांडल्याबद्दलच्या शिक्षेचे आहे. २०१९ च्या दुरुस्तीपासून हलक्या वाहनाला, म्हणजे आपल्या घरच्या मोटारीला, कमीत कमी १००० आणि जास्तीत जास्त २००० रुपये दंड सांगितला आहे. जड वाहनांना तो २००० पासून ४००० पर्यंत आहे. महाराष्ट्रात या दुरुस्तीप्रमाणे तडजोड शुल्काचे नवे दर डिसेंबर २०२१ मध्ये लागू झाले आणि मोटारीच्या वेगाबद्दल २००० रुपये ठरले. हे “तडजोड शुल्क” म्हणजे न्यायालयात न जाता गुन्हा मिटविण्याची किंमत होय. यातून एक गोष्ट निघते व तिच्याकडे सहसा कोणी लक्ष देत नाही. ती ही की, मोटारवाल्याने खटला लढविला आणि तो हरला, तरी कायद्याने त्याला होणारा दंड २००० रुपयांच्या वर जाऊ शकत नाही. लढण्याची खरी किंमत दंडात नाही. ती रजेच्या दिवसांत, हेलपाट्यांत आणि वकील दिला तर त्याच्या फीमध्ये आहे.

आता दुसरी गोष्ट, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची. पैसे भरले की प्रकरण संपले, पाटी कोरी झाली, असे बहुतेकांना वाटते. तसे नाही. त्याच २०१९ च्या दुरुस्तीने २०० व्या कलमात स्पष्ट लिहिले आहे की, तडजोड करून मिटविलेला गुन्हाही पुढचा गुन्हा “दुसरा” आहे की काय हे ठरविताना पूर्वीचा गुन्हा म्हणून मोजला जाईल. आणि वेगाच्या दुसऱ्या गुन्ह्याला १८३ व्या कलमात केवळ दंड नाही. चालकाचा परवाना ताब्यात घेऊन तो परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याकडे पाठविण्याची तरतूद आहे. म्हणून पहिल्या चलानाचे दोन हजार भरणे म्हणजे किराणा दुकानाचे बिल भरण्यासारखे नव्हे. तो एक कबुलीजबाब आहे आणि त्याची नोंद राहते. ज्याची रोजची भाकरी गाडी चालविण्यावर आहे, किंवा ज्याला आजारी आईला आठवड्यातून दोनदा रुग्णालयात न्यावयाचे असते, त्याला परवाना म्हणजे काय हे वेगळे सांगावयास नको.

यावरून कोणी असा निष्कर्ष काढील की, मग प्रत्येकाने पहिल्या चलानावर भांडलेच पाहिजे. तोही निष्कर्ष घाईचा होईल. निर्णय करण्यापूर्वी दोन प्रश्न एकमेकांपासून वेगळे ठेवले पाहिजेत. पहिला प्रश्न स्वतःच्या मनाला विचारावयाचा : मी मर्यादा ओलांडली होती काय? दुसरा समोरच्या कागदाला विचारावयाचा : हा कागद तसे सिद्ध करतो काय? या दोन प्रश्नांची सरमिसळ केल्यामुळेच घराघरांतून निष्फळ वाद होतात.

पहिला प्रश्न घेऊ. द्रुतगती मार्गावर मोटारीला सपाटीवर ताशी १०० किलोमीटरची मर्यादा आहे. भोर घाटात ती पुष्कळच कमी आहे. मालमोटारींना त्याहूनही कमी आहे. शंभराच्या वेगाने गाडी ३६ सेकंदांत एक किलोमीटर तोडते. खालापूरच्या सपाटीवरून गाणी ऐकत येणाऱ्या माणसाला ऐंशी आणि शंभर यांतला फरक कळतो, परंतु शंभर आणि एकशेवीस यांतला कळत नाही, कारण सभोवतालची सर्वच वाहने त्याच वेगाने वाहत असतात. घाटात तर उताराचा जोर आपोआप मिळतो आणि पाय नुसता सैल सोडला तरी काटा वर चढतो. म्हणून “मला आठवत नाही” हे उत्तर प्रामाणिक असले तरी “मी गेलो नाही” असा त्याचा अर्थ होत नाही.

येथे गाडीतल्या काट्याचा थोडा विचार करू. मोटारीचा वेगदर्शक काटा खऱ्या वेगाहून किंचित अधिक दाखवील, कमी दाखविणार नाही, अशा बेताने बनविलेला असतो. म्हणजे काटा १०५ दाखवीत असेल तर खरा वेग शंभराच्या आसपास असण्याचा संभव अधिक. तेव्हा ज्याने काट्यावर नजर ठेवून, १०० च्या खाली राहून गाडी चालविली, त्याला चलानावर १२० चा आकडा दिसला तर त्याने शंका घ्यावयास सबळ कारण आहे. आणि ज्याने काट्याकडे पाहिलेच नाही त्याने प्रथम स्वतःवर शंका घ्यावी.

“वीस किलोमीटरांनी असे काय आकाश कोसळते?” असेही काही जण विचारतात. उत्तर गणिताचे आहे. शंभराच्या वेगात गाडी एका सेकंदात सुमारे २८ मीटर जाते, एकशेवीसच्या वेगात ३३ मीटर. परंतु धडकेचा जोर वेगाच्या प्रमाणात वाढत नाही, वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग एक पंचमांशाने वाढला की तो जोर सुमारे ४४ टक्क्यांनी वाढतो, आणि ब्रेक दाबल्यापासून गाडी थांबेपर्यंतचे अंतरही त्याच हिशेबाने लांबते. पुढे बंद पडलेली मालमोटार उभी असेल तर हा हिशेब कागदावर राहत नाही.

आता दुसरा प्रश्न, कागदाचा. केवळ एका साक्षीदाराने “माझ्या मते ही गाडी फार वेगात होती” असे म्हटले म्हणून कोणास दोषी ठरवू नये. ते मत यंत्राच्या मापावर आधारलेले असले पाहिजे, हा नियम १९३९ च्या जुन्या मोटार वाहन कायद्यातही होता आणि आजच्या १८३ व्या कलमातही आहे. आपल्या वाडवडिलांच्या काळी शिपायाचे डोळे आणि घड्याळ यांवर हा वाद चाले. आज तो यंत्रावर आला आहे. रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या पोलीस गाडीतील यंत्र लहरींचा किंवा लेसर किरणांचा झोत टाकून त्या क्षणाचा वेग मोजते. दुसऱ्या पद्धतीत रस्त्यावरच्या दोन कमानींवरील कॅमेरे गाडीचा क्रमांक टिपतात आणि दोहोंमधले अंतर लागलेल्या वेळाने भागून सरासरी वेग काढतात. दहा किलोमीटरांचे अंतर सहा मिनिटांच्या आत तोडले तर सरासरी शंभराच्या वर गेली, इतके ते सरळ आहे. दुसऱ्या पद्धतीपुढे कॅमेरा दिसताच ब्रेक मारण्याची युक्ती चालत नाही. द्रुतगती मार्गावर अशा कॅमेऱ्यांची मोठी यंत्रणा २०२४ साली सुरू झाली.

यंत्र आले म्हणून त्याचे म्हणणे वेदवाक्य झाले असे मात्र नाही. केंद्र सरकारने ऑगस्ट २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत १६७-अ हा नियम घातला आणि यंत्राच्या साक्षीला काही अटी लावल्या. यंत्राला राज्याच्या अधिकाऱ्याचे मान्यतेचे प्रमाणपत्र असावे आणि त्याचे दरवर्षी नूतनीकरण व्हावे. पुढे यंत्र आहे अशी सूचना देणारी पाटी रस्त्यावर असावी. चलानाबरोबर गुन्हा व वाहनाचा क्रमांक स्पष्ट दाखविणारे छायाचित्र, यंत्राने केलेले माप, तारीख, वेळ, ठिकाण आणि मोडलेले कलम यांचा उल्लेख असावा. आणि यंत्रातील नोंद पुरावा म्हणून ग्राह्य धरण्यासाठी पुरावा कायद्यात सांगितलेले प्रमाणपत्रही असावे. १८७२ चा तो पुरावा कायदा आता गेला आहे. १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला आहे. इलेक्ट्रॉनिक नोंदीला प्रमाणपत्र पाहिजे हे तत्त्व त्यातही कायम आहे. शिवाय एखाद्या टप्प्यावर सरकारने वेगळी मर्यादा घातली असेल तर ती सांगणारी पाटी रस्त्यावर उभी असली पाहिजे, हे ११२ व्या कलमातच आहे.

तेव्हा चलान आले की रागावण्यापूर्वी किंवा पैसे भरण्यापूर्वी राज्याच्या वाहतूक पोलिसांच्या संकेतस्थळावर ते उघडून शांतपणे वाचावे. छायाचित्रातील गाडी आपलीच आहे काय? तिचा रंग, तिची बनावट, मागच्या काचेवरचा कागद जुळतो काय? पनवेलच्या वाहनांचा क्रमांक ४६ ने सुरू होतो आणि वसईच्या वाहनांचा ४८ ने. धुळीने माखलेल्या पाटीवरचे सहा आणि आठ यांत यंत्राला भ्रम होणे अशक्य नाही. दुसऱ्याचा क्रमांक आपल्या गाडीला लावून फिरणारे महाभागही या जगात आहेत. चलानावरील वेळी आपली गाडी कोठे होती? टोलनाक्यावर फास्टॅगमधून पैसे वळते होतात तेव्हा नाक्याचे नाव आणि वेळ खात्यात उतरलेली असते. वाहनतळाची किंवा पेट्रोलपंपाची पावती असते. चलानावर जी मर्यादा लिहिली आहे ती आपल्या वर्गाच्या वाहनाची आहे काय, की मोटारीला मालमोटारीची मर्यादा लावली आहे? हे सारे पाहावयास अर्धा तास पुरतो.

एवढे झाले म्हणजे चार प्रकारची माणसे निघतात. पहिला प्रकार : वेग ओलांडला आणि कागदही बिनचूक आहे. याने पैसे भरावेत आणि त्याच दिवशी भरावेत. दुसरा प्रकार : वेग ओलांडला नाही आणि कागदातही दोष दिसतो. याने जरूर हरकत घ्यावी. हे दोन्ही सोपे आहेत. खरी परीक्षा उरलेल्या दोघांची आहे.

तिसरा मनुष्य निर्दोष आहे, परंतु कागद वरकरणी स्वच्छ दिसतो. त्याला वाटते, कशाला भानगडीत पडा. दोन हजार गेले तर गेले. माझे म्हणणे असे की, याने निदान लेखी हरकत तरी घेतलीच पाहिजे. दोन हजारांसाठी नव्हे. आपण पाहिले की तडजोड ही पहिल्या गुन्ह्याची नोंद आहे. न केलेल्या गुन्ह्याची नोंद आपल्या नावावर स्वखुशीने करून घेणे आणि पुढे कधी खरोखर चूक झाली म्हणजे “दुसऱ्यांदा” म्हणून परवान्यावर गदा आणणे, यात शहाणपण नाही. शिवाय नादुरुस्त यंत्राविषयी कोणीच तक्रार केली नाही तर ते यंत्र उद्या दुसऱ्या शंभर लोकांना तसेच पकडील.

चौथा मनुष्य सर्वांत अवघड. त्याने वेग ओलांडला आहे हे तो मनोमन जाणतो, परंतु चलानात दोष आहे. छायाचित्र अस्पष्ट आहे, किंवा यंत्राचे मापच दिलेले नाही. याने काय करावे? कायद्याच्या दृष्टीने उत्तर स्पष्ट आहे : सिद्ध करण्याचा भार सरकारवर आहे आणि पुरावा मागण्याचा हक्क सज्जनाप्रमाणे दोषी माणसालाही आहे. हा हक्क दोषी माणसाला नाकारला तर तो निर्दोष माणसालाही उरणार नाही, कारण चौकशी होईपर्यंत दोघांत भेद करावयाचा कसा? परंतु येथे एक सीमारेषा आहे. “हे चित्र माझ्या गाडीचे आहे आणि माप बरोबर आहे हे दाखवा” ही मागणी आहे. “मी त्या वेगाने गेलोच नाही” हे विधान आहे, आणि या माणसाच्या तोंडी ते असत्य आहे. मागणी करावी, असत्य लिहून त्याखाली सही करू नये. आणि मागणीप्रमाणे पुरावा पुढे आला की पुन्हा नवी सबब न शोधता पैसे भरावेत. काही जण याच्याही पुढे जातील आणि म्हणतील की, मला ठाऊक आहे ना, मग कागद कसाही असो, मी भरतो. त्यांच्याविषयी मला आदर आहे. तथापि ती अपेक्षा कायद्याने सर्वांकडून करावयाची नव्हे.

आपल्या घरांतून वारंवार उद्भवणारी आणखी एक गोष्ट आहे. चलान गाडीच्या मालकाच्या नावाने निघते, परंतु गुन्हा चालविणाऱ्याचा असतो. गाडी वडिलांच्या नावावर, चालवीत होते चिरंजीव, आणि निरोप येतो वडिलांच्या मोबाईलवर. वडील मुकाट्याने पैसे भरतात. मुलाला कळतही नाही, किंवा कळले तरी त्याचे त्याला काही वाटत नाही. यात दुहेरी नुकसान आहे. नोंद वडिलांच्या नावावर बसते आणि मुलगा तसाच गाडी हाकीत राहतो. गाडी कोण चालवीत होते हे अधिकाऱ्याने विचारल्यावर सांगण्याचे कर्तव्य कायद्याच्या १३३ व्या कलमाने मालकावर टाकलेले आहे. ते पाळण्यात वात्सल्याला बाध येत नाही. निदान चलान मुलासमोर ठेवावे, त्याच्याकडून वाचून घ्यावे आणि पैसे त्याच्या कमाईतून किंवा खर्चाच्या रकमेतून घ्यावेत.

याच्या उलट बाजूही पाहिली पाहिजे. पगारी चालकाला मागच्या आसनावरून “विमान चुकेल, जरा दाबा” असे सांगणारे मालक थोडे नाहीत. आणि चलान आले की तेच मालक त्याच्या पगारातून पैसे कापतात. १८३ व्या कलमात आपल्या हाताखालच्या माणसाला मर्यादेबाहेर गाडी चालवावयास लावणाराही चालवणाऱ्याइतकाच दोषी धरला आहे. म्हणून असे चलान आले तर ते कोणी भरावयाचे याचा निवाडा मालकाने आपल्या सदसद्विवेकाला विचारून करावा.

आता हरकत घ्यावयाची ठरली तर ती कशी घ्यावी? प्रथम वाहतूक पोलिसांच्या संकेतस्थळावरील तक्रारीच्या सोयीचा उपयोग करावा. तक्रार चार ओळींची असावी : चलानाचा क्रमांक, आक्षेप एका वाक्यात, आणि सोबत पुराव्याची प्रत. सरकारी यंत्रणेची निंदा, देशाच्या स्थितीवर भाष्य आणि रस्त्यावरील खड्ड्यांचे वर्णन त्यात घालू नये. खड्डे खरे असतील. परंतु त्यांनी आपला वेग कमी ठरत नाही. हरकतीची मुदत आणि तिचे टप्पे यांविषयीचे नियम अलीकडे बदलत आले आहेत, म्हणून ऐकीव माहितीवर न विसंबता आपल्या चलानावर आणि संकेतस्थळावर त्या दिवशी जी मुदत दिली असेल ती वहीत टिपून ठेवावी.

तक्रार फेटाळली गेली तर पुढचा मार्ग न्यायालयाचा. येथे भूगोल आड येतो. फौजदारी प्रकरण सामान्यतः जेथे गुन्हा घडला म्हणतात तेथील न्यायालयात चालते. द्रुतगती मार्ग रायगड जिल्ह्यातील पनवेल आणि खालापूर या तालुक्यांतून जाऊन घाट चढल्यावर पुणे जिल्ह्यातील मावळ तालुक्यात शिरतो. घटना कळंबोलीजवळची असेल तर पनवेलच्या गृहस्थाला न्यायालय घराजवळ आहे. लोणावळ्याच्या पुढची असेल तर वडगाव मावळपर्यंत हेलपाटे पडतील. निर्दोष माणसानेही हा हिशेब करणे गैर नाही. तक्रार नोंदविणे हे अर्ध्या तासाचे काम आहे आणि ते प्रत्येक निर्दोष माणसाने करावे. खटल्यापर्यंत जाणे हे ज्याच्या त्याच्या सवडीवर, पुराव्याच्या बळावर आणि परवान्याच्या गरजेवर सोडावे लागेल.

लोकअदालतीविषयीही लोकांत बराच गैरसमज आहे. लोकअदालत ही तडजोडीची जागा आहे. तेथे निर्दोषत्व सिद्ध होत नाही. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली झालेला तिचा निवाडा अंतिम असतो आणि त्यावर अपील नाही. ज्याच्यावर जुन्या चलानांचा ढीग साचला आहे आणि ज्याला ती आपलीच आहेत हे मान्य आहे त्याला ती सोयीची आहे. “माझी गाडी तेथे नव्हतीच” असे ज्याचे म्हणणे आहे त्याने तेथे जाऊन अर्ध्या किमतीत खोटी कबुली देऊ नये.

शेवटी त्या तिसऱ्या वाटेविषयी बोलले पाहिजे. ती फार लोकप्रिय आहे : भरावयाचेही नाही आणि भांडावयाचेही नाही, नुसते बसून राहावयाचे. काही चतुर लोक तीत कायद्याचाही आधार शोधतात. ज्या गुन्ह्याला केवळ दंडाचीच शिक्षा आहे त्याची दखल न्यायालयाने सहा महिन्यांच्या आत घ्यावी असा फौजदारी प्रक्रियेचा सर्वसाधारण नियम आहे, हे खरे. परंतु तो नियम झोपी गेलेल्या सरकारपासून नागरिकाला वाचविण्यासाठी आहे; घरखर्चाची योजना म्हणून नाही. पोलिसांच्या नोंदीत ते चलान तसेच उभे राहते, आणि गाडी विकावयाची वेळ आली की खरेदीदार पहिल्याने तेच काढून दाखवितो. व्यवस्थेविषयी खरोखर तक्रार असेल तर ती उघडपणे करण्याचे मार्ग आहेत. राज्यातील मालवाहतूकदारांनी जुलै २०२५ मध्ये ई-चलानांच्या पद्धतीविरुद्ध संप पुकारला, तेव्हा त्यांचे म्हणणे सर्वांना ऐकावे लागले. त्यांचे सर्वच म्हणणे कोणाला पटो न पटो, त्यांनी ते नाव सांगून आणि कारणे देऊन मांडले. गप्प बसून राहणाऱ्याचे म्हणणे मात्र कोणालाच कळत नाही. त्याने चुकीचे यंत्र दुरुस्त होत नाही, अवास्तव मर्यादा बदलत नाही आणि स्वतःचा वेगही कमी होत नाही.

आणि घरातली लहान मंडळी हे सर्व पाहत असतात. आईवडील पहिल्या चलानाचे काय करतात यावरून कायदा म्हणजे काय याची कल्पना त्यांच्या मनात तयार होते. तो चुकवावयाचा असतो, की त्यापुढे मान तुकवून पैसे टाकावयाचे असतात, की त्याला कारण विचारावयाचे असते आणि कारण पटले तर मानावयाचे असते, हे नागरिकशास्त्राच्या पुस्तकापेक्षा अशा एका संध्याकाळी ती अधिक चांगले शिकतात.

म्हणून माझी सूचना इतकीच आहे. चलान आले त्या रात्री काहीच करू नये. दुसऱ्या दिवशी, ज्याने गाडी चालविली त्याला जवळ बसवून, छायाचित्र, वेळ, ठिकाण, मर्यादा आणि माप या पाच गोष्टी तपासाव्यात. दोष आढळला किंवा आपण निर्दोष आहोत अशी खात्री असली तर त्याच आठवड्यात लेखी हरकत घ्यावी. तसे काही नसेल तर पैसे भरावेत, पावतीची प्रत कागदपत्रांत जपून ठेवावी, आणि पुढच्या खेपेस हिशेब दुसऱ्या गुन्ह्याचा होणार आहे हे घरात गाडी चालविणाऱ्या प्रत्येकास सांगून ठेवावे.